मांडीची अट

गल्लीभर तिला वहिनीच म्हणत. सोफ्याची कव्हरं आणि पडदे शिवणारी वहिनी, आणि कुत्र्यांचीही वहिनी तीच. कुणी खोक्यात घालून दारात सोडलेली, कुठं नाल्याच्या पाइपात अडकलेली, आईविना केकाटणारी पिल्लं तिच्या घरी यायची, तगायची, बाळसं धरायची आणि चांगलं घर मिळालं की जायची. कापड बेतायच्या टेबलाखाली आतून रेक्झिन लावलेला मोठा लाकडी खोका कायमचा मांडलेला असे. त्यात उरलेल्या चिंध्या, फोमचे तुकडे आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. मशीनच्या घरघरीत पिल्लं अशी गाढ झोपत, की मशीन थांबलं की उलट जागी होत. मग आतून सासूबाईंचा आवाज यायचा, "अगं बाई, चालव ते मशीन! कापड नसलं तरी नुसतं चालव, पण ह्यांची तोंडं बंद कर!"

सासूबाई बोलायला अशा, पण ड्रॉपरनं दूध पाजावं तर त्यांनीच. जन्मभर सुईणपण केलेलं, आता हाताला चैन नाही. वहिनीचा नवरा शाळेची बस चालवी आणि रविवारी सहलीच्या फेऱ्या मारी. लेक कॉलेजात होती. पिल्लांची नावं ठेवायचा मान तिचा, आणि नावं ती शिवणाच्या डब्यातूनच काढायची. आजवर या घरातून बटण गेलं, काज गेलं, झालर गेली, अस्तर नावाचा एक लठ्ठोबा तर पिल्लांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्याच घरी गेला.

आणि या घराची एक अट होती. पिल्लू हवं असेल तर आधी इथं यायचं, फरशीवर बसायचं, हातानं भरवायचं. घाण काढायची, चावे खायचे. पिल्लू आपण होऊन तुमच्या मांडीवर चढलं आणि तिथं झोपलं, की ते तुमचं. त्याआधी नाही. कुणाचं एका खेपेत जमायचं, कुणी महिनाभर येत राहायचं. "लग्नाला इतकं बघत नाहीत हो," असं कुणी म्हणालं की सासूबाई म्हणत, "म्हणूनच तर तशी लग्नं होतात."

ही अट आधी नव्हती. ठिगळ गेला तेव्हा लागली.

ठिगळ म्हणजे पांढऱ्या पाठीवर चौकोनी तपकिरी डाग असलेलं पिल्लू. त्या वर्षी वहिनी काविळीनं अंथरुणाला खिळली होती, म्हणून पिल्लं डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात ठेवलेली. तिथूनच एका टाइल्सवाल्यानं ठिगळला नेला. माणूस हसरा, गोदामाला मोठं आवार. डॉक्टरीणबाईंनी विश्वासानं दिला, कारण डॉक्टरीणबाई सगळ्यांवरच विश्वास ठेवतात. बरी झाल्यावर वहिनी एकदा बघायला जाणार होती. आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता राहूनच गेलं.

मग एक दिवस एका अनोळखी बाईचा फोन आला. कुत्र्याच्या पट्ट्यावर वहिनीचा नंबर होता, तो तिनं भिंतीवरून डोळे ताणून वाचला म्हणे. "कुत्रा फार दिवस ओरडत होता हो. आता ओरडत नाही."

वहिनी आणि नवरा बस घेऊन तसेच धावले. गोदाम रिकामं. टाइल्सवाल्यानं दुकान दुसरीकडं हलवलं होतं, फरशीचा शेवटचा तुकडासुद्धा नेला होता, आणि कुत्रं मागं ठेवलं होतं. नवऱ्यानं पहारीनं कुलूप तोडलं. ठिगळ खांबाला बांधलेला, साखळी आखूड. पाण्याची टाकी समोर होती, पण साखळी तिथवर पोचत नव्हती. वहिनीला बघून त्यानं शेपूट हलवलं. एकदाच. बसमध्ये, तिच्या मांडीवर, दवाखाना यायच्या आत तो गेला.

गेटवर पाटी तशीच होती. पाटीवर टाइल्सवाल्याचा फोटो, हातात चकचकीत फरशी, पुढच्या दोन दातांत फट, डाव्या भुवईत चामखीळ, आणि हे एवढं हसू. वहिनीनं तो चेहरा उभ्या उभ्या पाठ केला. पाटीवरच्याच नंबरवर फोन लावला. तो म्हणाला, "कामगारांना सांगून ठेवलं होतं हो मी. विसरले असतील." वहिनी काही बोलणार तेवढ्यात तो वैतागला. "कुत्रंच ते. दुसरं बघा." आणि फोन बंद. पोलिसांत तक्रारीही केल्या. साहेबांनी ऐकून घेतल्या, माना हलवल्या आणि विसरले.

वहिनी विसरली नाही. ती भांडी आपटणारी बाई नव्हे. तिचा राग कात्रीसारखा, काम झालं की फडक्यात गुंडाळून ठेवायचा, पण धार जाऊ द्यायची नाही.

आणि काय सांगावं, एका रविवारी तोच माणूस तिच्या दारात येऊन उभा राहिला!

जुनाट फटफटीचा फटफट, मग फुस्स, असा आवाज झाला. लेकीनं फोनवर टाकलेले पिल्लांचे फोटो बघून आला होता. वाळलेला, दाढी वाढलेली. धंदा बसला होता, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, बायको त्याआधीच सोडून गेली होती. हे सगळं त्यानं चपला काढता काढताच सांगून टाकलं. "घर खायला उठतं हो. म्हटलं, एखादा जीव असावा सोबतीला." आणि हसला. दातांतली फट, भुवईतली चामखीळ. वहिनीच्या हातात कात्री होती. तिनं ती आधी टेबलावर ठेवली, लांब.

त्यानं तिला ओळखायचा प्रश्नच नव्हता. त्यानं तिला कधी बघितलंच नव्हतं. तिच्या मनात आलं, घालावी चप्पल तोंडात आणि हाकलावा. पण मग काय होईल? चार शिव्या देईल, दुसरीकडून दुसरं कुत्रं आणील आणि मजेत राहील. नाही. याला इतकं स्वस्त सोडायचं नाही. याला जीव लावू दे. पुरता लावू दे. आणि मग तोडायचा. कुत्रंच ते म्हणतो ना? तुटलं म्हणजे काय होतं ते कळू दे मेल्याला एकदा!

"या की," वहिनी गोड आवाजात म्हणाली. "आमची एक अट आहे बघा."

खोक्यात तेव्हा चार पिल्लं होती. तिघं कुणाच्याही मांडीवर लोळणारी. चौथा बॉबिन. स्वतःभोवती गरगर फिरायचा म्हणून बॉबिन. तो फार भित्रा. सापडला तेव्हा त्याच्या मानेत तार रुतलेली होती. माणसाचा हात दिसला की मशीनच्या पायट्यामागं जाऊन बसायचा. सासूबाई सोडल्या तर कुणाच्याच जवळ जात नसे. वहिनीनं बोट केलं ते त्याच्याकडं.

"हा तुमचा. जमवा."

दर रविवारी फटफटी यायला लागली. वहिनीनं त्याला राबवून घेतला. ओले कागद उचलायला लावले, फिनेलनं फरशी पुसायला लावली, खोका उन्हात धुवायला लावला. कान तुटलेल्या कपातच चहा द्यायची. तो निमूट प्यायचा आणि कप विसळूनसुद्धा ठेवायचा. याचाच तिला जास्त राग यायचा. गुडघे आखडलेले, तरी मांडी घालून बसायचा. तळहातावर उकडलेल्या अंड्याचा चुरा घेऊन तासन् तास तसाच.

पहिल्यांदा बॉबिन त्याच्या करंगळीला कडाडून चावला. वहिनी मनातल्या मनात म्हणाली, शाब्बास रे! टाइल्सवाल्यानं रक्त पुसलं आणि तोच हात पुन्हा पुढं धरला. पुढच्या खेपेला बॉबिन पायट्यामागून नाक काढून बघत राहिला. त्याच्या पुढच्या खेपेला हातभर अंतरावर आला, अंडं उचललं आणि पळाला. टाइल्सवाला असा खूश, की जसा काही लॉटरीच लागली. मग तर फटफटीचा आवाज कोपऱ्यावर आला, की बॉबिनचे कान उभे राहायचे आणि हा भित्रट दाराशी जाऊन गरगर फिरायला लागायचा.

"बरा आहे हो बिचारा," सासूबाई म्हणायला लागल्या. "धड कप तरी देत जा त्याला."

"देईन की," वहिनी म्हणायची. "वेळ आली की सगळं देईन."

त्यानं बॉबिनसाठी घराच्या गच्चीला जाळी लावून घेतली, जाळीचे फोटो दाखवले. "वा!" वहिनी म्हणाली. त्यानं विचारलं, पट्टा चामड्याचा घेऊ की कापडी? "कापडी घ्या, मऊ असतो," वहिनी म्हणाली. तो एकेक गोष्ट जोडत होता आणि ती मनात हसत होती. ती किती हसत होती, हे तिचं तिलाच ठाऊक.

आणि एका दुपारी बॉबिन त्याच्या मांडीवर चढला. आधी एक पाय, मग दुसरा. दोनदा स्वतःभोवती फिरला, नाक त्याच्या शर्टात खुपसलं आणि झोपला. मशीन बंद होतं, तरी झोपला. टाइल्सवाल्यानं श्वाससुद्धा बेतानं घेतला. "वहिनी," तो कुजबुजला, "झोपला हो!" त्याचे डोळे भरून आले होते. पायांना मुंग्या आल्या तरी हलला नाही, ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तरी हलला नाही. वहिनी बघत राहिली. आता पिकलं, असं तिला वाटलं. आता तोडायला हरकत नाही.

त्या दिवशी सहल रद्द झाली म्हणून नवरा लवकर घरी आला. दारातच थबकला, आणि तिला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"अगं, हा तो पाटीवरचा..."

"माहितेय मला."

"माहितेय? आणि तू त्याला बॉबिन देणारेस?"

"देते कशाची! पुढच्या रविवारी तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई येतायत न्यायला. त्याच्या डोळ्यांदेखत देणार."

नवऱ्यानं स्वयंपाकघराचं दार लोटलं. तो भांडणारा माणूस नव्हता. "त्याचं काय व्हायचं ते होऊ दे, चुलीत जाऊ दे तो. पण पिल्लाचं काय?"

"पिल्लूच ते. लहान आहे. विसरेल."

आपण काय बोललो ते तिच्या कानांनी ऐकलं नाही. नवऱ्यानं ऐकलं.

मुख्याध्यापिकाबाईंचं घर सोन्यासारखं होतं, खोटं कशाला बोला. बाग होती, वेळ होता, आधीचं कुत्रं म्हातारपणापर्यंत सांभाळलेलं. फक्त बॉबिन त्यांच्या मांडीवर कधी झोपला नव्हता. मांडीवर काय, जवळही गेला नव्हता. "होईल सवय," वहिनी त्यांना म्हणाली. अट तिनं घातलेली आणि मोडली पण तिनंच.

रविवारी तिनं वेळ अशी साधली, की बाई बॉबिनला काखेत घेऊन पायऱ्या उतरतायत आणि फटफटी येऊन थांबते. टाइल्सवाल्याच्या हातात निळा कापडी पट्टा होता. बॉबिननं त्याला बघितलं आणि बाईंच्या काखेत नुसता उसळायला लागला.

"अरे, कुठं निघालास?" टाइल्सवाला हसत म्हणाला. "बाहेर नेताय का त्याला?"

"त्यांच्या घरी नेतायत," वहिनी म्हणाली. "त्यांना दिला."

"म्हणजे? पण तो माझ्या... वहिनी, तो माझ्या मांडीवर झोपला होता की."

"झोपला होता. ठिगळही झोपायचा माझ्या. पाठीवर तपकिरी डाग होता, आठवतंय? तुमच्या जुन्या गोदामात, खांबाला. टाकी समोर होती आणि साखळी पोचत नव्हती. तुम्ही फरश्या मोजून नेल्यात आणि त्याला ठेवून गेलात. तुमच्या हातात मी जीव देईन? मेले तरी देणार नाही."

त्याचा चेहरा उतरत गेला. आधी कळेना, मग आठवेना, मग आठवलं. ते आठवलेलं तिनं स्पष्ट बघितलं आणि मग, इतके दिवस जिभेखाली जपून ठेवलेलं, शांतपणे बाहेर काढलं.

"कुत्रंच ते. दुसरं बघा."

त्यानं निळा पट्टा पायरीवर ठेवला. फटफटीला किक मारली, लागली नाही. पुन्हा मारली, पुन्हा. तिकडं बाईंच्या गाडीतून बॉबिनचं केकाटणं गल्लीभर ऐकू येत होतं. शेवटी तो फटफटी ढकलतच कोपऱ्यावरून दिसेनासा झाला.

वहिनी त्या दिवशी पोटभर जेवली. दुपारी ताणून दिली. संध्याकाळी मशीनवर बसून चक्क गुणगुणली. तिला वाटलं होतं सूड घेतल्यावर काहीतरी टोचेल. छे! कुठंच टोचलं नाही. ठिगळचं उट्टं निघालं होतं, आणि तिला फार बरं वाटत होतं. लेक मात्र तिच्याशी बोलत नव्हती आणि सासूबाईंनी चहा स्वतःचा स्वतः करून घेतला.

मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला तो दबलेल्या आवाजात. खात नाही. सोफ्याखालून बाहेर येत नाही. "रविवारी तेवढा आला हो, दाराशी जाऊन बसला. मला वाटलं, माणसाळला. पण रस्त्यावरून दुचाकी गेली की उठायचा, आणि मग परत बसायचा." बाईंनी आणखी थोडे दिवस जिवाचं रान केलं आणि मग त्याला घेऊनच आल्या. "यात कुणाची चूक नाही. पण याचं मन दुसरीकडं आहे."

कुणाची चूक नाही म्हणे! सासूबाईंनी सुनेकडं असं बघितलं, की वहिनीनं मान खाली घातली.

बॉबिनच्या बरगड्या मोजता येत होत्या. घरात आल्या आल्या तो पायट्यामागं गेला नाही की खोक्यात गेला नाही. खिडकीजवळच्या फरशीवर, जिथं टाइल्सवाला मांडी घालून बसायचा, तिथं जाऊन त्यानं वास घेतला आणि तिथंच पडून राहिला. डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, रक्त तपासलं. आजार कसलाच नव्हता. सासूबाई पुन्हा ड्रॉपर घेऊन बसल्या आणि थेंब थेंब दूध त्याच्या ओठात सोडू लागल्या. दूध ओठाच्या कडेनं खाली यायचं.

"ठिगळचं उट्टं काढलंस ना?" त्या सुनेला म्हणाल्या. "कुणावर काढलंस ते बघ आता डोळे उघडून."

नवऱ्यानं फोन तिच्यापुढं ठेवला.

वहिनीनं आयुष्यात कुणापुढं नाक घासलं नव्हतं. तरी तिनं टाइल्सवाल्याचा नंबर लावला. तिनं नाव सांगितलं. मग त्यानं एकच विचारलं.

"खातोय का तो?"

"नाही," वहिनी म्हणाली. "तुमची वाट बघतोय. माझं चुकलं. तुमच्यावरचा राग माझा खरा होता, आजही आहे. पण त्याच्यावर काढायला नको होता. या, आणि घेऊन जा त्याला."

"नाही वहिनी."

"अहो, मी हात जोडते."

"मी त्या गोदामात जाऊन आलो परवा," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, त्यात राग नव्हता की रडणं नव्हतं. "साखळी अजून आहे तिथं. धरून बघितली. टाकीपर्यंत पोचत नाही. थोडीशीच कमी पडते. मी स्वतः बांधली होती ती, कामगारांनी नव्हे. तुम्ही बरोबर केलंत. माझ्या हातात नाही द्यायचा जीव. पटलं मला."

"पण तो वाट बघतोय हो तुमची!"

"ठिगळही बघत होता की," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

तिनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग तो नंबरच बंद झाला. नवरा पत्ता काढून घरी जाऊन आला. गच्चीला जाळी होती, दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, मुलीकडं गेला, लांब. कधी येईल, येईल की नाही, ठाऊक नाही.

बॉबिन मेला नाही. सासूबाईंनी त्याला मरू दिला नाही. हळूहळू खायला लागला, अंगावर मांस आलं, आता चांगला थोराड झालाय. त्याला कुणाला द्यायचा विषय पुन्हा निघाला नाही. लेकीनं तो निळा पट्टा त्याच्या गळ्यात घातला. आठवडाभर शहाण्यासारखा राहतो, नव्या पिल्लांना चाटतो, सासूबाईंच्या पायाशी झोपतो.

रविवारी मात्र उजाडलं की दाराशी जाऊन बसतो. वहिनीही त्याच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसते, तळहातावर अंड्याचा चुरा घेऊन. तो अंडं खातो, तिचा हात चाटून साफ करतो, शेपूटही हलवतो. पण मांडीवर आजवर चढलेला नाही. तोंड रस्त्याकडं करून बसून राहतो.

कव्हरांचं काम कितीही साचलेलं असो, रविवारी वहिनी मशीन लावत नाही. मशीनच्या आवाजात त्याला कोपऱ्यावरचं ऐकू येत नाही.